रिकाम्या ताटाची तालीम

९ ऑगस्ट

मी एका महाविद्यालयाचा कार्यालय अधीक्षक आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका. थोरली मुलगी लग्न होऊन परगावी गेली आणि धाकटी आमच्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थी माझ्यामागे मला 'काटा' म्हणतात. तराजूचा काटा, या अर्थाने. हे मला ठाऊक आहे आणि त्यात आक्षेपार्ह काही वाटत नाही. तेच नाव येथे पुरे.

आज प्राचार्यांनी नाट्यमंडळाचे व्यवस्थापन माझ्याकडे सोपवले. पूर्वीचे नाट्यशिक्षक नोकरी सोडून गेले, त्यांची जागा भरलेली नाही. "तुम्हाला नाटकातलं काही कळत नाही, हेच उत्तम," प्राचार्य म्हणाले. "निदान दिवे तरी वेळेवर बंद होतील." जे घडेल ते पदरचे काही न घालता लिहून ठेवावे, एवढाच या दैनंदिनीचा उद्देश.

धाकटी या मंडळात आहे हे मला आजच कळले. सांगितले का नाहीस, असे विचारले तेव्हा म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंच नाही, बाबा."

१२ ऑगस्ट

तालीम चित्रकलेच्या जुन्या वर्गात होते. भिंतीशी मोडकी घडवंची, मध्ये एक लांब टेबल, चार खुर्च्या, चार रिकामी ताटे. दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. त्याचे केस खांद्यापर्यंत वाढलेले असल्यामुळे सगळे त्याला झिपऱ्या म्हणतात. मी आत गेल्यावर तो उठून उभा राहिला, ते मला आवडले.

नाटक असे: एक कुटुंब रोज एकत्र जेवते आणि त्यातील मुलीने जेवण सोडले आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही. रंगमंचावर अन्नाचा कण नसेल. झिपऱ्याने समजावले, "साहेब, तिघांनी रिकाम्या ताटातून खरं जेवायचं आणि एकीने रिकाम्या ताटातून खोटं जेवायचं. प्रेक्षकाला त्यातला फरक कळला की नाटक जिंकलं."

न जेवणाऱ्या मुलीची भूमिका गोलू नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंगाने स्थूल मुलीला दिली आहे. नाटकही तिनेच लिहिले आहे. आईची भूमिका धाकटीकडे आहे, आणि ती सडपातळ. निवड उलटी झाली आहे, असे मी निदर्शनास आणले.

"साहेब, तोच तर मुद्दा आहे," गोलू म्हणाली. "हा आजार अंगाकडे बघून ओळखता येत नाही. मला अकरावीत झाला तेव्हाही मी अशीच होते. कुणाला कळलं नाही. उलट म्हणायचे, चार घास कमी खाल्ले तर बरंच आहे की." ती हसली. बाकी कोणी हसले नाही.

माझे खासगी मत निराळे आहे. लठ्ठपणा हा शिस्तीचा प्रश्न होय. आमच्या घराण्यात कोणी लठ्ठ नाही. धाकटीने तर अलीकडे गोड सोडले आहे आणि चार मजले जिन्यानेच चढते. हे मी मंडळात बोललो नाही. घरी पत्नीपाशी बोललो. धाकटी शेजारीच बसली होती. तिलाही ऐकून बरे वाटले असावे.

१९ ऑगस्ट

आज न राहवून बोललो.

"या टेबलावर कोणीही जेवत नाहीये."

झिपऱ्याने केस मागे सारले. "म्हणजे कसं, साहेब?"

"हात तोंडापाशी नेता आणि परत आणता, माशी हाकलावी तसा. घासाला वजन असतं. तो चावावा लागतो. घशातून उतरावा लागतो. तुमचा घास ओठांपाशी पोचतो आणि हवेत विरून जातो."

मग गोलू शेजारणीला म्हणाली, "काटा बरोबर बोलला," आणि लगेच जीभ चावली. मी ऐकले नाही असे दाखवले.

"मग तुम्हीच शिकवा ना, साहेब," झिपऱ्या म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यांनी माझ्याकडे दाखले मागितले, मुदतवाढ मागितली. शिकवा असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही.

२१ ऑगस्ट

दुपारच्या सुट्टीत उपाहारगृहाच्या कोपऱ्यात बसून माणसे कशी जेवतात ते पाहिले. ग्रंथपाल येऊन विचारून गेले, "काही हरवलंय का, साहेब?"

भुकेला माणूस ताटाकडे पाहतो, पोट भरत आलेला माणसांकडे. चावताना कानशिलाजवळ हालचाल होते. गिळण्याच्या क्षणी डोळे कोठेच पाहत नसतात. हे सारे जन्मभर समोर होते आणि मी पाहिले नव्हते.

यात एका गोष्टीची भर मी स्वतः घातली. घास गिळून झाला की अनामिकेच्या टोकाने ओठांचा डावा कोपरा हलकेच टिपायचा. घास संपला, ही खूण त्यामुळे प्रेक्षकापर्यंत पोहोचते. असे करताना मी कोणालाही पाहिलेले नाही; मला सुचले.

२७ ऑगस्ट

सगळ्यांनी शिकून घेतले, पण धाकटीसारखे कोणालाच जमले नाही. तिने घास उचलला की ताटात काहीतरी आहे असे वाटते.

घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, रोज संध्याकाळी माझा सराव घ्याल?"

आम्ही समोरासमोर बसलो, मध्ये रिकामी ताटे. ती प्रत्येक खेपेनंतर विचारी, "बाबा, काय चुकलं?" मी सांगे. ती पुन्हा करी. स्वयंपाकघराच्या दारातून आमची ही म्हणाली, "अन्न झाकून ठेवलंय आणि बापलेक बसलेत हवा खात." आम्ही दोघेही हसलो. धाकटी आणि मी एका टेबलाशी इतका वेळ यापूर्वी कधी बसलो होतो, हे आठवून पाहिले. आठवले नाही.

८ सप्टेंबर

धाकटीच्या सूचनेवरून सराव आता भरल्या ताटावर होतो. तिचे म्हणणे, खऱ्या अन्नावर हात बसला की रिकाम्या ताटावर तो आपोआप खरा वाटेल. म्हणजे जेवणही होते आणि तालीमही. एका दगडात दोन पक्षी. ही त्या वेळी शिकवण्या घेते आणि मागाहून जेवते, त्यामुळे टेबलाशी आम्ही दोघेच असतो.

तिने एक अट घातली. "ताटाकडे बघायचं नाही हं, बाबा. प्रेक्षकाला ताटातलं दिसत नसतं. तोंडाकडेच बघा."

तत्त्व म्हणून हे अचूक आहे. मी तोंडाकडेच पाहतो. ती भरभर बोलते, मंडळातल्या गमती सांगते, झिपऱ्याची नक्कल करते. आणि प्रत्येक घासानंतर अनामिकेने ओठांचा कोपरा टिपते. आता तिला ते मुद्दाम करावे लागत नाही. माझी कल्पना तिच्या अंगवळणी पडली याचे मला समाधान वाटते. ते येथे नोंदवण्यात संकोच नाही.

१९ सप्टेंबर

काही घरगुती बाबी. मागच्या खिडकीखाली येणारी मांजर अतोनात सुटली आहे. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी तिला उष्टे घालत असावे. त्यांच्याशी बोलले पाहिजे. न्हाणीघराची मोरी पुन्हा तुंबली. नळकाम करणाऱ्याने केसांचा मोठा पुंजका काढून दाखवला आणि माझ्या टकलाकडे पाहून म्हणाला, "तुमचे तर नसणार, काका."

धाकटी घरात लोकरीचा स्वेटर घालून बसते. ही म्हणाली, "अहो, हिचे हात बघा किती गार पडलेत."

"परीक्षेचा ताण असला की रक्ताभिसरण मंदावतं."

"तुम्हाला सगळ्याचं उत्तर असतं."

रविवारी माझी बहीण येऊन गेली. धाकटीला पाहून म्हणाली, "काय गं, कशी छान झालीस. आम्हाला पण सांग की गुपित." धाकटी इतकी खुलली की मला नवल वाटले.

५ ऑक्टोबर

गोलू कार्यालयात आली आणि दार लोटून उभी राहिली.

"साहेब, तुमच्या मुलीबद्दल बोलायचं होतं. तालमीत कुणी काही खायला आणलं की ती म्हणते, आत्ताच घरून खाऊन आले. परवा जिन्यात बसली होती. उठता येत नव्हतं तिला."

"ती घरी व्यवस्थित जेवते."

"तुम्ही बघता?"

"रोज. माझ्या डोळ्यांसमोर."

"ताटात बघता का, साहेब?"

हा प्रश्न मला उद्धटपणाचा वाटला. तुझी भूमिका तुझ्या डोक्यात गेली आहे, असे मी सांगितले. ती रागावली नाही. दाराची कडी धरून म्हणाली, "माझी आईपण डॉक्टरांना हेच सांगायची. माझ्यासमोर जेवते म्हणून."

ती गेल्यावर विचार केला. धाकटीच्या भूमिकेचे सर्वत्र कौतुक होते आहे आणि नाटक मात्र गोलूने लिहिलेले. थोडा मत्सर स्वाभाविक आहे. संध्याकाळी धाकटीला सांगितले, तेव्हा ती हसून म्हणाली, "तिला सगळीकडे तेच दिसतं, बाबा. दुधाने तोंड पोळलंय ना तिचं." मला ते चपखल वाटले.

तरीही आज सराव घेताना एकदा माझी नजर ताटाकडे वळली. तिने लगेच म्हटले, "बाबा, तोंडाकडे." मी तोंडाकडे पाहिले.

२३ ऑक्टोबर

आज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत प्रयोग झाला. प्रथम क्रमांक मिळाला. धाकटीला अभिनयाचे पारितोषिकही मिळाले. हे आधी लिहितो, कारण पुढचे लिहिताना हात चालत नाही.

मी सभागृहात अगदी मागे, दिव्यांच्या खटक्यांशी उभा होतो. पडदा उघडला. चौघे जेवायला बसले. पहिल्याच घासाला माझ्या पुढे बसलेल्या बाईंनी नकळत आवंढा गिळला. धाकटी आई झाली होती. ती वाढत होती, जेवत होती, सगळ्यांच्या ताटांकडे पाहत होती, फक्त मुलीच्या ताटाकडे नाही. घास उचलला, बोटे जुळली, ओठ मिटले, कानशील हलले, डोळे क्षणभर कोठेच नव्हते, घसा हलला. अनामिका ओठांच्या कोपऱ्याकडे गेली.

मला एकदम भूक लागल्यासारखे झाले, आणि पाठोपाठ घरचे टेबल दिसले. कालचे, परवाचे, सबंध महिन्याचे. तेच बोट, तोच कोपरा, तीच लय. घरी पुढ्यात भरलेले ताट असते आणि येथे रिकामे आहे. पण जेवण तेच होते. त्यात तसूभर फरक नव्हता.

जेवणारा माणूस असा जेवत नाही. मी उपाहारगृहात बसून माणसे पाहिली आहेत. कोणी घास मध्येच विसरतो, कोणी बोलता बोलता गिळतो, कोणाच्या हनुवटीला लागते. ओठांचा कोपरा कोणीही टिपत नाही. ते मी रचलेले आहे, आणि रचले ते नसलेल्या घासासाठी.

टाळ्या थांबेनात. दिवे वेळेवर लावायचे राहिले. अंधारात सगळे टाळ्या वाजवत होते.

२४ ऑक्टोबर

आज संध्याकाळी मी ताटाकडे पाहिले.

ती बोलत होती, पारितोषिकाचे सांगत होती. घास हातात उचलला जात होता आणि तोंडाकडे जाईपर्यंत हातात राहत नव्हता. मी उठून तिच्या बाजूला गेलो. मांडीवर पसरलेल्या रुमालात सगळे जेवण होते.

ती रडली नाही, दचकलीही नाही. माझ्याकडे पाहून, समजूत घालावी तशी म्हणाली, "बाबा, प्रेक्षक ताटाकडे बघत नाही."

मागच्या खिडकीखाली मांजर ओरडत होती. तिची वेळ झाली होती.

मी हिला हाक मारली. हिने धाकटीचा स्वेटर काढला. पाठीकडून, पोलक्यावरून, तिने हात फिरवला, आणि हात जेथे थांबला तेथून उचलेना. मग मला म्हणाली, "शिकवायला दुसरं काही मिळालं नाही का हो तुम्हाला?" आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरे झाले असते.

४ नोव्हेंबर

डॉक्टर बाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. हृदयाचे ठोके मंद आहेत, रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडले आहे, तिला ठेवून घ्यावे लागेल. किती दिवसांत बरी होईल, असे मी विचारले.

"हे वेळापत्रकात बसत नाही, काका. कधीकधी वर्षं जातात. कधीकधी..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांची अपुरी वाक्ये पुरी करून घेत आलो. हे तसेच राहू दिले.

नंतर धाकटीजवळ बसलो. ती खिडकीच्या काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे पाहत होती. मी विचारले, "काय दिसतं तुला?"

"मी मावत नाही, बाबा. कुठल्याच आरशात मावत नाही."

मनगट तर माझ्या दोन बोटांत मावत होते. ते तिला दाखवले. तिने असे पाहिले, जणू मीच काही नजरचूक करतो आहे आणि ती मला दुखवू इच्छित नाही.

१५ नोव्हेंबर

नाकातून नळी घातली आहे. दोनदा तिने ती काढून टाकली. थोरली दोन दिवस येऊन गेली. जाताना जिन्यात रडली. हिने बिनपगारी रजा घेतली आहे. आम्ही पाळीपाळीने बसतो आणि दारात भेटतो तेव्हा एकमेकांना फक्त "झोपली आहे" किंवा "जागी आहे" एवढेच सांगतो.

गोलू आणि झिपऱ्या आले. मी गोलूची क्षमा मागू लागलो, तर तिने मध्येच तोडले. "माफी राहू द्या, साहेब. मला तिच्याजवळ बसू द्या." ती आत गेली. झिपऱ्या बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसला. अंतिम फेरी आहे, आईची भूमिका दुसरी मुलगी करते आहे, असे त्याने सांगितले. बराच वेळ त्याने केसांशी चाळा केला.

"साहेब, ते ओठ टिपणं काढून टाकू का?"

"काढा."

"नव्या मुलीला तसंही जमत नाही ते," तो म्हणाला. "तिला खरंच भूक लागते तालमीत."

२८ नोव्हेंबर

नळी काढली. डॉक्टर बाईंच्या मते आता तिने तोंडाने खायला हवे. ती खाऊ लागली तर पुढचा मार्ग आहे, न खाल्ल्यास काय याबद्दल त्यांनी कागदांवर आमच्या सह्या घेतल्या. मी प्रत्येक ओळ वाचून सही करणारा माणूस. या वेळी वाचले नाही.

गेल्या वर्षीचे तिचे छायाचित्र हिने पिशवीत आणले होते. ते पाहून धाकटी म्हणाली, "शी, केवढी दिसते मी." त्यात ती आपल्या थोरल्या बहिणीच्या खांद्यावर डोके ठेवून हसते आहे. हिने ते पुन्हा पिशवीत ठेवले आणि पिशवीचे बंद आवळून बांधले.

६ डिसेंबर

आज दुपारी माझी पाळी होती. परिचारिका ताट ठेवून दुसऱ्या खाटेकडे गेली. पाव, शिजवलेल्या भाज्या, वाटीत दही. धाकटी उठून बसली. अंगावर शाल होती. माझ्याकडे पाहून हसली, आणि जेवू लागली.

मी तोंडाकडे पाहिले. बोटे जुळली, ओठ मिटले, कानशील हलले. घसा हलला. ती मधूनमधून बोलत होती, शेजारच्या खाटेवरच्या आजींची नक्कल करत होती, आणि ती नक्कल खरोखर छान होती. कितीतरी दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला. मला वाटले, हे असेच चालू राहावे.

परिचारिका परत आली. ताट उचलून म्हणाली, "बघा काका, लख्ख. शहाणी आहे तुमची लेक. डॉक्टर मॅडमना सांगते, खुश होतील."

धाकटीने अनामिकेने ओठांचा डावा कोपरा टिपला.

तिचे डोळे माझ्यावर होते. त्यांत धाक नव्हता. विनवणी होती, आणि थोडा विश्वास. या साऱ्या इमारतीत तिची कला जाणणारा मी एकटाच माणूस होतो.

"सिस्टर," मी म्हणालो, "तिने खाल्लेलं नाही."

"अहो, मी येता-जाता बघत होते की. गिळत होती."

"मीच शिकवलंय ते. शालीत बघा."

परिचारिकेने शाल अलगद उलगडली. पाव तेथेच होता, आणि बाकीचेही. तिने सगळे गोळा केले आणि नवीन ताट आणायला गेली.

धाकटीने शाल पुन्हा अंगाभोवती ओढून घेतली. मग, पूर्वी घरच्या टेबलाशी विचारी त्याच स्वरात, तिने विचारले, "बाबा, काय चुकलं?"

"काहीच चुकलं नाही," मी म्हणालो. "म्हणूनच कळलं."

तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

दुसरे ताट आले. मी पावाचा लहान तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि तिच्या ओठांपाशी धरला. ती दोन वर्षांची असताना तिला असे भरवणारी ही असे; मी तेव्हा कार्यालयात असे. तिने डोळे मिटून घेतले, ओठही. हात भरून आला तेव्हा तुकडा दुसऱ्या हातात घेतला. दही मनगटावरून ओघळले. परिचारिकेने येऊन पाहिले आणि खुर्ची माझ्यामागे सरकवली. मी बसलो. तुकडा धरलेलाच आहे. हे उजव्या हाताने लिहितो आहे, तो डाव्या हातात आहे. तिने अजून तोंड उघडलेले नाही.

(सही)
धाकटीचे बाबा
रुग्णालय, खिडकीजवळची खाट
६ डिसेंबर